आफ्रिकी वृंदगान आणि आपले कान

गायनाच्या बैठकीस निघालेला आपला रसिक प्रथम काय विचारतो? 'आज गाणार कोण?' असें विचारतो. प्रश्न साधा आहे, परंतु आपल्या सगळ्या संगीतविचाराचा पाया त्यांत आलेला आहे. गाणारा एक, तंबोरे त्याचे, पेटी वा सारंगी त्याच्या मागें, तबला त्याच्या संगतीस. भजनांत दहा-वीस जण एकदम गातात खरे, पण ते सारे एकच चाल गातात. म्हणजे तेथेंहि गाणारा वस्तुतः एकच, त्याचे कंठ मात्र अनेक. ज्या संगीतांत चार समुदाय एकाच वेळीं चार निरनिराळ्या चाली गातात, आणि त्यांपैकीं कोणतीहि एक चाल म्हणजे तें गाणें नव्हे, त्या संगीतापुढें आपला हा प्रश्नच लंगडा पडतो. गेल्या हिवाळ्यांत आमच्या महाविद्यालयांत आफ्रिकेंतील चार पाहुण्यांचें गाणें झालें, त्या वेळीं हें आमच्या प्रत्ययास आलें. त्या गाण्याचें परीक्षण, आणि त्या निमित्तानें विद्यार्थ्यांस परकें संगीत कसें ऐकवावें याविषयींचा आमचा विचार, येथें मांडण्याचें योजिलें आहे.

आमचें महाविद्यालय बुलढाणा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं आहे. येथील मुलें शेतकऱ्यांचीं, शिक्षकांचीं, लहानसहान दुकानदारांचीं. आफ्रिका त्यांस ठाऊक असते ती नकाशांत, क्रिकेटच्या मैदानावर आणि चित्रपटांत. दोन वर्षांपूर्वीं आमच्याच स्नेहसंमेलनांत 'आफ्रिकन नृत्य' या नांवाखालीं एक प्रकार सादर झाला. दहा-बारा मुलांनीं तोंडास काजळ फांसलें होतें, कमरेभोंवतीं पानें बांधलीं होतीं, आणि कोठल्याशा ध्वनिमुद्रिकेवर तीं हुंकार देत नाचलीं. टाळ्यांचा कडकडाट झाला, बक्षीसहि मिळालें. परीक्षकांच्या खुर्च्यांपैकीं एकीवर आम्ही बसलों होतों आणि आम्ही कांहीं बोललों नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे. प्रकार ओंगळ आहे हें कळत होतें. पण 'मग खरें आफ्रिकी गाणें कसें असतें तें तुम्हीच सांगा' असें मुलांनीं विचारलें असतें, तर उत्तर देण्याजोगें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही १९५८ सालची कादंबरी आम्ही इंग्रजीच्या वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों. तींतील माणसें गातात म्हणजे नेमकें काय करतात, हा प्रश्न आम्हांस कधीं पडला नव्हता. शिवाय ती कादंबरी नायजेरियांतील, आणि आम्ही येथें ज्या वृंदगानाविषयीं बोलत आहों तें मुख्यतः दक्षिण व पूर्व आफ्रिकेंतील. आफ्रिका हें कांहीं एक गांव नव्हे, हें समजण्यासहि आम्हांस वेळ लागला.

प्रथम आम्हीं सोपा मार्ग धरला. 'लेडीस्मिथ ब्लॅक मांबाझो' या दक्षिण आफ्रिकेंतील विख्यात मेळ्याचीं दोन-तीन गाणीं वर्गांत ध्वनिमुद्रिकेवरून ऐकविलीं. जोसेफ शबालाला यांनीं उभारलेला हा मेळा पुरुषांचा. वाद्य एकहि नाहीं. खाणींत व शहरांत मजुरीस आलेले झुलू लोक शनिवारच्या रात्रीं आपल्या बराकींत जमून चढाओढीनें जें गात, तो 'इसिकाथामिया' नांवाचा प्रकार या मेळ्यानें जगभर नेला. त्या शब्दांत हलक्या पावलांनीं चालण्याचा अर्थ आहे, आणि गातांना ते खरोखरच तशीं पावलें टाकतात. हें सर्व आम्हीं मुलांस सांगितलें. मुलांनीं शांतपणें ऐकलें, आणि तितक्याच शांतपणें तीं विसरून गेलीं. एकानें मात्र 'सिंहाच्या सिनेमांतलें गाणें असेंच आहे' म्हणून सांगितलें, व तें खरेंच होतें. १९३९ सालीं सॉलोमन लिंडा या झुलू गायकानें आपल्या मेळ्यासह जोहान्सबर्ग येथें 'म्बुबे' म्हणजे 'सिंह' हें गाणें मुद्रित केलें आणि त्याचे हक्क नाममात्र मोबदल्यावर देऊन टाकले. अमेरिकेंत १९६१ सालीं त्याच सुरावटीचें 'द लायन स्लीप्स टुनाइट' झालें व तें अफाट गाजलें; १९९४ च्या 'द लायन किंग' या चित्रपटानें तें घरोघर पोंचविलें. लिंडा १९६२ सालीं दारिद्र्यांत वारला. त्याच्या वारसांस हिस्सा देणारी तडजोड व्हावयास २००६ साल उजाडावें लागलें. ही हकीकत ऐकून वर्ग पहिल्यानें जागा झाला. परंतु जागा झाला तो गोष्टीनें, गाण्यानें नव्हे. यंत्रांतून येतांना ते अनेक सूर एकमेकांत इतके मुरून येतात कीं अनभ्यस्त कानास तो एकच जाडसर सूर वाटतो. आणि एकच सूर ऐकावयाचा तर तो आपल्या आवडत्या गवयाचाच कां ऐकूं नये, असें मुलांस वाटलें तर त्यांस दोष देतां येत नाहीं.

हें गाणें समोरासमोर, गाणाऱ्यांचीं तोंडें दिसत असतां ऐकलें पाहिजे, असें आमच्या मनानें घेतलें. मराठी माणसानें तें तसें ऐकल्याचा एक प्रसंग शंभर वर्षांमागचा आहे आणि तो आपल्याकडे फारसा कोणाच्या बोलण्यांत येत नाहीं. १९१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेंत होते. गांधीजींचा सत्याग्रह, गिरमिटमुक्त मजुरांवरील तीन पौंडांचा कर, बोथा-स्मट्स यांच्या भेटी, हें सर्व चरित्रकारांनीं सविस्तर लिहिलें आहे. याच दौऱ्यांत गांधीजींच्या फिनिक्स आश्रमाजवळच असलेल्या ओहलांगे येथील शाळेस गोखल्यांनीं भेट दिली. ही शाळा जॉन डुबे या झुलू गृहस्थांनीं १९०१ सालीं स्थापिलेली. १९१२ च्या जानेवारींत आफ्रिकी लोकांची जी राष्ट्रीय काँग्रेस स्थापन झाली, तिचे डुबे हे पहिले अध्यक्ष. गोखले व डुबे यांचें आफ्रिकी लोकांच्या प्रश्नावर बोलणें झालें, आणि शाळेंतील विद्यार्थ्यांनीं पाहुण्यांपुढें एक-दोन झुलू गीतें गाइलीं. हयातीचा मोठा भाग फर्ग्युसन कॉलेजांत शिकविण्यांत घालविलेला एक मराठी प्राध्यापक, आणि समोर उभा राहून गाणारा आफ्रिकी विद्यार्थ्यांचा मेळा, असें हें चित्र आहे. आमच्या वाचनांत आलेल्या मराठी चरित्रांत त्या गाण्यांस एक ओळहि मिळालेली नाहीं. आपला वाचक राजकारण ऐकतो, गाणें ऐकत नाहीं. आणि गाणें ऐकूं लागला तर राजकारण विसरतो. ओहलांगेच्या त्या विद्यार्थ्यांपुरतें पाहतां हीं दोन निराळीं नव्हतीं. इनॉक सोन्टोंगा नांवाच्या, जोहान्सबर्गजवळच्या मिशन शाळेंतील एका मास्तरानें १८९७ सालीं 'न्कोसी सिकेलेल' इआफ्रिका' ही प्रार्थना रचली. काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनांत ती म्हटली गेली, आणि ओहलांगेच्याच मेळ्यानें जलशांतून तिचा प्रसार केला. सोन्टोंगा १९०५ सालींच वारला होता; आपलें गीत काय होणार आहे याची त्याला कल्पना असणें शक्य नव्हतें. १९९४ च्या एप्रिलांत नेल्सन मंडेला यांनीं आयुष्यांतील पहिलें मत टाकावयास हीच ओहलांगेची शाळा निवडली.

हिंदुस्थानच्या भूमीवरहि या घराण्याचें गाणें झालेलें आहे. घराणें म्हणतों तें दूरच्या नात्यानें, कारण तें आफ्रिकेंतून गुलाम म्हणून अमेरिकेस नेलेल्यांच्या वंशजांचें होतें. फ्रेडरिक लाउडिन याचा जुबिली गायकांचा मेळा १८८९–९० च्या सुमारास या देशांत गाऊन गेला. ताजमहालाच्या घुमटाखालींहि ते गाइले. १९३६ च्या फेब्रुवारींत बार्डोलीस हॉवर्ड थर्मन व त्यांच्या पत्नी सू बेली थर्मन गांधीजींस भेटले, तेव्हां गांधीजींनीं मुद्दाम विनंती करून त्यांजकडून त्यांचीं भक्तिगीतें म्हणवून घेतलीं.

आतां एक शंका. हीं चार पदरी गाणीं तर युरोपांतील मिशनऱ्यांनीं शिकविलेलीं, मग यांत आफ्रिकेचें काय, असें पुष्कळ जण विचारतात. याचें उत्तर देण्यास आपण मराठी लोक इतरांहून अधिक योग्य आहों. कारण ज्या अमेरिकन मिशनच्या छायेंत डुबे वाढले, त्याच मिशननें मुंबईस १८१३ सालीं आणि झुलू मुलखांत १८३५ सालीं पाय ठेवला होता. संस्था एक, स्तोत्रसंग्रहांची परंपरा एक, आणि फळें पाहावीं तर किती निराळीं! आपल्याकडे नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले आणि त्यांनीं मराठी चर्चला ओवी, अभंग व कीर्तन दिलें. इंग्रजी स्तोत्रांच्या सुरावटी बाजूस सारून आपला सूर आंत आणला. तिकडे झुलू व खोसा लोकांनीं इंग्रजी स्तोत्राची चौकटच उचलली आणि आंतून ती आपली करून टाकली. हें त्यांस साधलें, कारण निरनिराळ्या ओळी निरनिराळ्या वेळीं उचलून एकमेकींवर घालण्याची रीत त्यांच्या लग्नांत व सणांत मिशनऱ्यांच्या आधींपासून होती. एक उणीव मात्र राहिली. झुलू व खोसा भाषांत स्वराच्या चढ-उतारानें शब्दाचा अर्थ बदलतो; परक्या चालींत तो चढ-उतार मोडतो आणि शब्द मुका होतो. खोसा संत न्त्सिकाना याचीं स्तोत्रें लोकांस इतकीं प्रिय झालीं, याचें एक कारण त्यांची चाल त्याच भाषेच्या पोटांतून आलेली होती, हें असावें. टिळकांचा मार्ग आणि सोन्टोंगाचा मार्ग यांत श्रेष्ठ कोणता, असें आम्हांस विचारल्यास आम्ही टिळकांचा म्हणूं, पण तें मराठीपुरतें.

असो. पाहुणे आले ते खरें तर लोणारसाठीं. आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यास शिकतो. त्याच्या ओळखीचे चार विद्यार्थी, दोन टांझानियांतील व दोन झांबियांतील, सरोवर पाहावयास निघाले होते. त्यांत दोन तरुणी होत्या. चौघेहि लहानपणापासून आपापल्या चर्चमध्यें गाणारे. परततांना एक संध्याकाळ आम्हांस द्यावी अशी विनंती केली, ती त्यांनीं हंसत मान्य केली.

कार्यक्रमाचा आरंभ चांगला झाला नाहीं. स्वागतपर भाषणांत एका वक्त्यानें, आफ्रिकेचें पाऊल आपल्या जिल्ह्यास आज प्रथमच लागत आहे, असें सांगून टाकलें. सिंदखेडराजा ज्या जिल्ह्यांत आहे त्या जिल्ह्यांत हें वाक्य ऐकूं यावें! लखुजी जाधवराव ज्या निजामशाहीचे सरदार होते, तिचा कारभार हबशी मलिक अंबराच्या हातीं होता हें शाळकरी मुलासहि ठाऊक असावयास हवें. जंजिऱ्याच्या सिद्दींची गोष्ट तर सांगावयासच नको. आणि भरूचजवळ रतनपूर येथें बाबा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्दी लोकांची धमाल आजहि चालते, तींत एकानें उचलावें व सर्वांनीं झेलावें ही आफ्रिकी रीत शाबूत आहे. त्यानंतर आमचें प्रास्ताविक झालें. तें पंचवीस मिनिटें चाललें. पांच पुरे होतीं.

मंडपवाल्यानें चौघांपुढें चार माइक मांडले होते. पहिलें गीत सुरू होतांच खोक्यांतून चार सुटे आवाज चार दिशांनीं आले आणि गाणाऱ्यांस एकमेकांचें कांहींच ऐकूं येईना. पाहुण्यांनीं माइक बंद करावयास सांगितले, खुर्च्या मागें सारल्या, आणि ते अर्धवर्तुळांत इतके जवळ उभे राहिले कीं एकाचा खांदा दुसऱ्यास लागावा. मग सोन्टोंगाची चाल सुरू झाली. टांझानियाच्या दोघांनीं ती स्वाहिलींत, झांबियाच्या दोघांनीं आपल्या राष्ट्रगीताच्या शब्दांत म्हटली. कारण त्या एकाच मास्तराची चाल या दोन्ही राष्ट्रांनीं राष्ट्रगीतास घेतली आहे, आणि दक्षिण आफ्रिकेच्या १९९७ पासूनच्या राष्ट्रगीताचा आरंभहि तिनेंच होतो. शेवटीं चौघांनीं आपापले शब्द न सोडतां एकत्र म्हटली. शब्द एकमेकांवर आदळत होते, सूर मात्र कोठें अडखळला नाहीं.

गाणें संपल्यावर द्वितीय वर्षाच्या वर्गांतील एका मुलीनें हात वर केला. हिच्या घरीं तीन पिढ्यांची वारी आहे, वडील दिंडींत वीणा घेतात. तिनें विचारलें, 'सर, या चौघांतली खरी चाल कोणाची?' सभागृहांत हशा पिकला. आम्ही हंसलों नाहीं. त्या सबंध संध्याकाळींतला तोच एक मर्माचा प्रश्न होता. आम्हीं तो इंग्रजींत करून पाहुण्यांस सांगितला. चौघांत खालच्या पट्टींत गाणारी जी तरुणी होती, तिनें उत्तर दिलें नाहीं. तिनें तेंच गीत पुन्हां उचलावयास सांगितलें, आणि प्रत्येक कडव्यास एकेकाला गप्प राहण्याची खूण केली.

प्रथम सर्वांत वरचा आवाज थांबला. आपण सारे जण मनांत जी चाल गुणगुणत होतों ती नाहींशी झाली. तरी गाणें मोडलें नाहीं, नुसतें सांवळें झालें. मग खर्जांतला तरुण थांबला. वरचें सर्व जेथल्या तेथें होतें, पण जोत्यावांचून उभ्या केलेल्या भिंतीसारखें. शेवटीं ती स्वतः थांबली. तिची ओळ एकटी ऐकली तर तिला कोणी चाल म्हणणार नाहीं. तीन-चार सुरांतच ती घुटमळते. ती थांबली आणि गाणें एकदम पोकळ झालें. ज्या सुराकडे आतांपर्यंत कोणाचें लक्षहि गेलें नव्हतें, त्याचीच वाट सगळें सभागृह पाहूं लागलें. ती पुन्हां मिळाली तेव्हां मागच्या बांकांवरून एक 'अहाहा' निघाला. आमच्या पंचवीस मिनिटांत जें झालें नव्हतें तें पांच मिनिटांत झालें. ध्वनिमुद्रिकेला 'तूं आतां गप्प राहा' असें सांगतां येत नाहीं. प्रत्यक्ष गायनाचा जो विशेष आम्हीं मानतों तो एवढाच आहे, पण तो पुरेसा आहे.

परीक्षकाच्या भूमिकेवरून बोलावयाचें तर दोष होते. वरच्या पट्टींतील तरुणाचा आवाज दुसऱ्या स्तोत्रांत उतरला आणि त्याच्याबरोबर सर्वांचीच पट्टी थोडी खालीं आली. संथ स्तोत्रें सलग तीन घेतलीं, मधें एखादें टाळ्यांचें लग्नगीत हवें होतें. तें आलें तेव्हां अर्धें सभागृह घड्याळाकडे पाहूं लागलें होतें. त्या लग्नगीतांत मात्र एक उचलतो, तिघे त्याचें वाक्य पुरें होण्याआधींच झेलतात, हा प्रकार अप्रतिम साधला. सर्वांत मोठी टीका शेवटच्या पदावर. श्रोत्यांस खूष करावें म्हणून त्यांनीं एक हिंदी चित्रपटगीत म्हटलें. चौघांनीं मिळून एकच चाल, तीहि बिचकत. टाळ्या त्यालाच सर्वांत अधिक पडल्या. हा दोष पाहुण्यांचा नव्हे. आपली वस्तु पाहुण्याच्या तोंडून ऐकली म्हणजे आपल्यास धन्य वाटतें, आणि त्याची वस्तु ऐकण्याचे कष्ट वांचतात.

दुसऱ्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत चर्चा झाली. एका सहकाऱ्यांचें म्हणणें असें कीं यांत नवें कांहीं नाहीं, आपल्या दिंडींत हेंच आहे: वीणेकऱ्यानें चरण म्हणावा, टाळकऱ्यांनीं ध्रुपद धरावें, पावली खेळावी. हें ऐकावयास गोड लागतें. आषाढीस शेगांवाहून निघणारी पालखी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हलक्या पावलांचें तें झुलू गाणें परकें वाटणार नाहीं, हेंहि खरें. परंतु साम्य आहे तें उचलण्या-झेलण्यांत. सुरांच्या रचनेंत नाहीं. दिंडींतले शंभर टाळकरी एका सुरांत विरघळून जाऊं पाहतात. त्यांचें सुख स्वतःचा आवाज नाहींसा होण्यांत आहे. वृंदगानांत शेजारी निराळें म्हणत असतां आपली ओळ सोडावयाची नसते, आणि त्याचें ऐकावयाचेंहि असतें. हें सुख निराळें आहे, आणि आमच्या मतें आपल्या मुलांस त्याची संवय नाहीं. 'आमच्यांत हें आहेच' म्हणून हात झटकणें म्हणजे न ऐकण्याचीच एक सभ्य रीत होय. दुसऱ्या सहकाऱ्यांचा आक्षेप याहून वजनदार होता: मुलांस यमन ओळखतां येत नाहीं, तेथें झांबिया कशाला? यावर आम्ही निरुत्तर झालों. परंतु पुढच्या आठवड्यांत जें घडलें त्यानें त्याचें थोडेंसें उत्तर मिळालें.

पाहुणे जातांना फळ्यावर एका लहानशा गीताच्या चार ओळी अक्षरांत लिहून गेले होते. ही अक्षरें म्हणजे सेरा ग्लोव्हर या बाईंनीं काढलेली आणि जॉन कर्वेन यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रचारांत आणलेली 'टॉनिक सोल-फा' लिपी. रेघांची युरोपीय लिपी बाजूस ठेवून दक्षिण आफ्रिकेंतल्या शाळांनीं व मेळ्यांनीं हीच धरली. सोन्टोंगानेंहि आपलीं गीतें हींतच लिहिलीं. हिचें मर्म असें कीं 'डो' हा ठराविक उंचीचा सूर नसून जेथें धरावा तेथें असतो; म्हणजे तो आपला षड्जच. आमच्या मुलांनीं डोच्या जागीं सा, मीच्या जागीं ग, सोच्या जागीं प असें लिहून काढावयास दहा मिनिटेंहि घेतलीं नाहींत. भातखंड्यांची व पलुसकरांची लिपी बंदिश टिकविण्यासाठीं झाली. ही लिपी हजार माणसांस एकदम गावयास लावण्यासाठीं झाली. दोहोंचें काम निराळें, पण वाचणाऱ्यास एकीवरून दुसरीवर जाणें अवघड नाहीं.

वाचणें सोपें, धरणें कठीण. तीन गट केले: एकानें षड्ज धरावा, दुसऱ्यानें गांधार, तिसऱ्यानें पंचम. पंचमवाले टिकले. गांधारवाले दोन श्वासांत घसरत षड्जावर येऊन बसले, आणि पुन्हां पुन्हां बसले. आपला कान जन्मापासून षड्जाकडे धांव घेतो. गांधार हा त्याला मुक्कामाचा सूर वाटतच नाहीं, जातां-येतां भेटणारा वाटतो. पेटीवर गांधार दाबून धरला तर काम आणखीच बिघडे, कारण पेटीचा गांधार चढा असतो. शेवटीं पखवाज वाजविणाऱ्या एका मुलानें पेटी बंद करून तंबोरा मागविला. खर्जाची तार नीट जुळली म्हणजे तींतून गांधार आपोआप ऐकूं येतो, त्याला आपले गवई स्वयंभू गांधार म्हणतात; तो ऐकत ऐकत मुलांनीं आवाज लावला. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नास तिन्ही सूर असे कांहीं एकमेकांत बसले कीं खोलीच्या कांचा थरारल्या, आणि गाणारीं मुलें घाबरून थांबलीं. यमन ओळखतां न येणाऱ्या या मुलांनीं त्या दिवशीं जन्मांत प्रथमच गांधार ऐकला. आक्षेप घेणारे सहकारी दारांत उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत, पण दुसऱ्या दिवशीं आपला चांगला तंबोरा त्यांनीं घरून आणून दिला.

यंदाच्या स्नेहसंमेलनांत सोळा मुलामुलींनीं सोन्टोंगाची ती चाल म्हटली. वेषभूषा समितीनें पानें व रंग यांची विचारणा केली होती. मुलांनीं आपल्या नेहमींच्या कपड्यांतच उभें राहूं असें कळविलें. टाळ्या बेताच्या पडल्या, बक्षीस नाटिकेस गेलें. दोन पालकांनीं येऊन हें कोणत्या धर्माचें गाणें असें विचारलें. एका परक्या देशाच्या माणसांनीं गुलामीच्या काळांत आपल्या भूमीसाठीं केलेली ती प्रार्थना आहे, असें सांगितल्यावर एक गृहस्थ 'मग ठीक आहे' म्हणाले; दुसऱ्यांचें समाधान झालेलें दिसलें नाहीं. सरावांत एक अडचण मात्र कायम आहे. वरची ओळ सर्वांस हवी असते, कारण ती घरीं म्हणून दाखवितां येते. खर्जाच्या ओळीस मुलें मिळत नाहींत, एकट्यानें म्हटल्यास तिचें गाणें होत नाहीं म्हणून. सध्यां तीं दोघेंच आहेत आणि त्यांपैकीं एकाची परीक्षा आली आहे. आवाज फुटलेले आणखी दोघे अकरावीच्या वर्गांत आढळले, त्यांस येत्या सोमवारीं शाळा सुटल्यावर बोलाविलें आहे.